एकाच गंजातला भात

माझ्या जाडीबद्दल मी पहिल्यांदा कुणाशी बोललो ते वडशाला, एका इंटरनेटच्या दुकानात बसून, आणि ज्यांची तोंडं कधी पाहिली नव्हती अशा माणसांशी. पहिलंच जे बोललो ते खोटं होतं. ते खोटं भोगलं माझ्या बायकोनं. तिला हे माहीत आहे, मला माहीत आहे, पोरीला अजून नीट माहीत नाही. एवढी वर्षं मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला जमतं. आता लिहूनच टाकतो.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी कुरखेड्याला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. पोरगी नागपूरला नर्सिंग शिकत होती, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. आम्ही ढीवर. बाप गावच्या तलावात जाळं टाकायचा. तो पाण्यातून बाहेर आला की त्याच्या बरगड्या दिसायच्या. मला नोकरी लागली, दिवसभर बसायचं काम आलं, आणि मी सुटत गेलो. गावी गेलो की आई मला अंगणात उभं करून शेजारणींना दाखवायची, “पाहा, भरला ना माहा पोरगा.” तिचा चेहरा उजळायचा. मलाही तेव्हा ते कौतुकच वाटायचं.

चाळिशीपर्यंत भरलेला पोरगा चांगलाच जाडा झाला होता. एसटीत माझ्या बाजूची जागा रिकामी राहायची. लोक दांडा धरून उभे राहतील, पण माझ्याजवळ टेकायचे नाहीत. कंडक्टर विचारायचा, “साहेब, दीड तिकीट फाडू का?” गाडी हसायची. सगळ्यांच्या आधी मीच हसायचो. आपण आधी हसलो की दुसऱ्याचं हसणं थोडं कमी लागतं, हे मी शिकून घेतलं होतं. पण गुडघे दुखायचे, जिना चढताना छाती भरून यायची, आणि वाकून चप्पल घालणं म्हणजे एक कामच झालं होतं.

दवाखान्यात गेलो तर तिथल्या काट्याचा आकडाच संपला. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, “भाऊ, राग नका मानू, पण वजन करायचं असंन तर धानगिरणीत जा.” गेलो. तिथं पोती मोजायचा मोठा काटा असतो. पोतं मोजलं की रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदान्याचं, वजन त्यातून वजा करतात. हमालानं मला काट्यावर उभं केलं, वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, बारदाना वजा करू का?”

“कर,” मी म्हणालो. दोघंही हसलो. घरी येईपर्यंत माझं हसू गळून पडलं होतं.

त्या दिवाळीला पोरगी आली होती. तिनंच सांगितलं, “बाबा, इंटरनेटवर एक गट आहे. पुण्याच्या आहारतज्ज्ञ बाई चालवतात. वजन जास्त असलेली तुमच्याएवढी मोठी माणसं तिथं एकमेकांशी लिहून बोलतात, बाई सल्ला देतात. कुणी कुणाला पाहत नाही.”

कुणी पाहत नाही, एवढ्यावर मी तयार झालो.

कुरखेड्यात तेव्हा इंटरनेटचं दुकान नव्हतं. सुट्टीच्या दिवशी एसटीनं वडशाला जायचं. तिथं एका भाईचं दुकान होतं. आधी रेडिओ दुरुस्ती, मग एसटीडी, मग झेरॉक्स, आणि आता दोन कॉम्प्युटर. माझ्याच वयाचा माणूस, दाढी अर्धी पिकलेली. इंग्रजी अक्षरांत मराठी कसं लिहायचं ते त्यानंच शिकवलं. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला गेलो तर माझ्यासाठी प्लास्टिकच्या खुर्चीजागी लोखंडी खुर्ची ठेवलेली.

“हे खुर्ची तुमच्या नावानं केली भाऊ,” तो म्हणाला. “दुसऱ्याले बसू देत नाई.” आणि वळून झेरॉक्स काढू लागला, जणू काही विशेष बोललाच नाही.

गटात नव्या माणसाला बाई एकच प्रश्न विचारायच्या: आपलं वजन कशानं वाढलं असं तुम्हाला वाटतं? कुणी बाळंतपण लिहिलं होतं, कुणी बैठं काम, कुणी दुःख. मी आधी सगळ्यांची उत्तरं वाचून काढली. मग लिहिलं, “माझी बायको फार प्रेमाने वाढते. नाही म्हटलं तर तिचं मन दुखतं.”

खरं काय होतं? खरं हे होतं की रोज कचेरी सुटली की मी बस स्टँडवर जायचो. तिथं एका गाडीवर आलूबोंडे तळायचे. एक प्लेट तर्री घालून, मग आणखी एक, मग कागदात जिलबी. तिथून घरी येऊन हातपाय धुऊन, दिवसभराचा भुकेला असल्यासारखा पुन्हा पानावर बसायचो. आग्रह तर तिनं कधी केलाच नाही. उलट म्हणायची, “पुरे करा ना जी आता.”

मग मी खोटं का लिहिलं? गाडीवरचं लिहिलं असतं तर मी हावरा ठरलो असतो. बायकोच्या मायेनं जाडा झालेला नवरा मात्र सगळ्यांना आवडतो. आवडलाच. गटातल्या लोकांनी माझी प्रेमानं थट्टा केली. साताऱ्याकडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, एकट्या राहायच्या. त्यांनी लिहिलं, “भाऊ, नशीबवान आहात. मला वाढायला कुणी नाही, तरी मी जाडच!” आणि पुण्याच्या बाईंनी लिहिलं, “घरच्यांच्या साथीशिवाय हे होत नाही. सोबत तक्ता पाठवते, तो ताईंना वाचून दाखवा. तेल आणि भात कमी करायला सांगा.”

भाईनं तक्ता छापून दिला. मी तो घरी नेला.

ती ओट्याशी तांदूळ निवडत होती. मी वाचत गेलो. ओट, तपकिरी पाव, ऑलिव्हचं तेल. “हे कुठी भेटते?” ती म्हणाली आणि हसली. पुढे भात कमी, तेल कमी, वाढताना आग्रह नको, असं आलं तशी तिचे निवडणारे हात थांबले.

“म्हंजे माह्यामुळंच झालं का जी हे?”

“नाई, तुह्यामुळं नाई.” एवढं म्हणायला काय लागत होतं? मी कागदाकडे पाहत राहिलो. ओळ सापडत नाही असं दाखवलं.

“बरं,” ती म्हणाली. “सांगा, काय काय करायचं ते.”

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या झाडीपट्टीत जेवण म्हणजे भात. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी भात. तो एकाच गंजात शिजतो, आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात. पुरुष आधी जेवतो. बाई मग त्याच गंजातलं घेऊन जेवते. आपल्यापुरतं वेगळं रांधून खाणारी बाई म्हणजे काहीतरी वाईट, असं तिच्या आईनं तिला शिकवलेलं, माझ्या आईनंही शिकवलेलं. मी हे लहानपणापासून पाहिलं होतं. तक्ता वाचताना ते माझ्या ध्यानात आलं नाही. पुण्याच्या बाईंना तर ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

तिनं तक्ता आमच्या भाषेत आणला. तांदूळ वाटीनं मोजून टाकू लागली. तरोट्याची वाळवलेली भाजी बिनतेलाची, मच्छीचा रस्सा पाण्यासारखा पातळ. मी जेवायचो, हात धुवायचो आणि टीव्हीसमोर जाऊन बसायचो. मागे गंजात काय राहायचं ते कधी वळून पाहिलं नाही. माझं पोट बस स्टँडवरच भरलेलं असायचं, त्यामुळे पानावरचं कमी पडलं असं मला कधी वाटलंच नाही. धानकापणीचे दिवस होते. आमची थोडी बांधी, म्हणजे धानाची शेती, होती; बायको दिवसभर तिथं वाकलेली असायची. संध्याकाळी येऊन माझ्या वाटीचं मोजमाप सांभाळायची.

सुट्टीच्या दिवशी गिरणीत जाऊन वजन करायचं आणि गटाला कळवायचं असं ठरलं होतं. काटा हलत नव्हता. मी आकडा थोडा थोडा उतरवून लिहायचो. गट शाबासकी द्यायचा. साताऱ्याच्या बाई लिहायच्या, “ताईंना माझा नमस्कार सांगा, खरं श्रेय त्यांचं.” मी तो नमस्कार घरी सांगायचोही. ती लाजायची. पण मला रोज डोळ्यांनी पाहणारी तीच होती. मी उतरलो नव्हतो हे तिला दिसत होतं.

एकदा साताऱ्याच्या बाईंनी विचारलं, “ताई कशा आहेत हो? त्यांच्याबद्दल तुम्ही काही लिहीत नाही.”

मी लिहिलं, “मजेत.” आणि दुकानातून उठून वडशाच्या स्टेशनबाहेर समोसे खायला गेलो.

महाशिवरात्रीला आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. दरवर्षी जायचो. दर्शन झालं की ती बांगड्या भरायची. देवळापासून नदीकडे उतरताना कासारणी ओळीनं बसलेल्या असतात. तिच्या नेहमीच्या कासारणीनं हात हातात घेतला, हिरव्या बांगड्या सरकवल्या. त्या मुठीवरून न अडता आत गेल्या. हात खाली केला तशा तितक्याच सहज बाहेर आल्या.

“दोन-सहाच्या नाई होत बाई तुमाले आता. दोन-चारच्या मापाच्या घ्या.”

“मी नेहमी दोन-सहाच भरतो ना.”

कासारणीनं तिचा पंजा दाबून पाहिला. “हाडं लागून राह्यली हाताले. काऊन बाई, घरी कोनी जेवू नाई देत का?”

“उपास चालू हाय.”

“कोन्या देवाचा?”

“देवाचा नाई. यांच्या वजनाचा.”

कासारणीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मागेच उभा होतो. लपण्यासारखं माझं अंग नाही. “अगाई!” ती म्हणाली. “उपास या बाईनं केला अन् मानवला याले! सारं या भाऊच्याच अंगी गेलं दिसते!”

आजूबाजूच्या बाया खदखदून हसल्या. माझी बायकोही पदर तोंडाला लावून हसली. मला हसता आलं नाही. मी तिच्या मनगटाकडे पाहत होतो. मग पोलक्याकडे नजर गेली. मागून ते घडी घालून पिनेनं आवळलेलं होतं. गळ्याखालची हाडं वर आली होती. रोज एका घरात राहत होतो आम्ही. हे सगळं मला एका कासारणीनं दाखवावं लागलं.

नदीकाठी वाळूत बसलो तेव्हा मी विचारलं, “तू किती जेवतं?”

“गंजात उरते तेवढं.”

“किती उरते?”

ती वाळूत बोटानं रेघ ओढत बसली. मग म्हणाली, “तुमचं उतरून नाई राह्यलं ना. म्हनून मी तांदूळ अजून कमी टाकून राह्यली. माह्याच हातून कुठी चुकत असंन. त्या बाई म्हनल्या ना, घरच्यांनी साथ द्या म्हनून. दोघांनी पाळलं तर लवकर गुण येईन असं वाटलं मले.”

तिथंच सांगायला हवं होतं. ती समोर बसली होती, नदी होती, घाई कुणाला नव्हती. मी म्हणालो, “चाल, गाडी सुटंन.”

पुढच्या सुट्टीला मी वडशाला गेलो आणि सगळं गटाला लिहिलं. गाडीवरचे बोंडे, उतरवलेले आकडे, ती वाटी, तो गंज, पोलक्याची पीन. बायकोला सांगण्याआधी मी ते परक्या माणसांना सांगितलं, कारण ते मला पाहू शकत नव्हते. लिहून झाल्यावर उठवेना. भाईनं न विचारता चहा आणून ठेवला.

पहिलं उत्तर साताऱ्याच्या बाईंचं आलं. “भाऊ, मी कपाटात लाडू लपवून खाते. डबा रिकामा दिसला तेव्हा कामाच्या बाईवर आळ आला. मी तो येऊ दिला. ती काम सोडून गेली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुमचं माणूस अजून घरात आहे.”

मग पुण्याच्या बाईंचं आलं. मला वाटलं होतं, गटातून काढतील. त्यांनी लिहिलं, “आकड्यांचं राहू द्या, ते पुन्हा मोजता येतील. चूक माझीही झाली, ताई काय जेवतात हे मी विचारलंच नाही. त्यांना डॉक्टरकडे न्या, रक्त तपासून घ्या. आणि आज घरी गेल्याबरोबर त्यांना सांगा. आम्हाला सांगितलं म्हणजे सांगून झालं, असं नाही.”

घरी पोचलो तेव्हा उन्हं अंगणात होती. ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी समोर खाटेवर बसलो, खाट करकरली. म्हणालो, “तुह्यामुळं नाई झालं.”

“काय?”

“हे माहं वजन. मी रोज बस स्टँडवर खातो. घरी याच्या आधी.”

सूप थांबलं. “रोज?”

“रोज.”

“तक्ता आनला तवापासून पन?”

“हाव.”

मला वाटत होतं, ती रडेल, भांडेल, सूप फेकेल. फेकलं असतं तर बरं झालं असतं. मग तिनं विचारलं, “काय खाता?”

“आलूबोंडे. तर्री घालून. कधी जिलबी.”

“गरम राह्यते का?”

“राह्यते.”

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. “कधी मले एक नाई आनला जी,” ती म्हणाली.

आजही मी जेवायला बसलो की हे वाक्य कुठूनतरी येऊन बाजूला बसतं. मला त्याचा राग येत नाही. येऊ द्यावं.

त्या संध्याकाळी तिनं वाटी बाजूला ठेवून मुठींनी तांदूळ घेतले, पहिल्यासारखे. भात झाल्यावर मी तिचं पान वाढलं. माझ्या हातून भात सांडला. “तुमी बसा आधी,” ती म्हणाली. मी म्हणालो, “नाई, तू.” ती बसली. चार घास खाल्ले, पाचवा हातातच राहिला. “जात नाई,” ती म्हणाली आणि ओशाळून माझ्याकडे पाहिलं, जणू हाही तिचाच दोष. मी समोर बसून होतो. मला एखादा घास जात नाही, असं आयुष्यात झालं नव्हतं, आणि तिचं पोट चार घासांवर येऊन थांबलं होतं.

रक्त कमी निघालं. गोळ्या मिळाल्या. पुण्याच्या बाईंनी तिच्यासाठी वेगळं लिहून पाठवलं: एकदम नको, थोडं थोडं, दिवसातून जास्त वेळा; तेल, अंडं, मच्छी. आता दोघांचं दोन प्रकारचं रांधावं लागणार होतं. तिला ते जड गेलं. आपल्या भाजीला तेल सोडताना ती दाराकडे पाहून घ्यायची, कुणी येत तर नाही ना. मग मीच कचेरीतून थेट घरी येऊन तिची भाजी फोडणीला टाकू लागलो. शेजारीण कुंपणावरून ओरडली, “काऊन भाऊजी, नोकरी सुटली का?” बायको आतून म्हणाली, “सुटली. आता इथीच लावून घेतली.”

माझं वजन पुढच्या दोन-तीन वर्षांत उतरलं, खरोखरचं, गिरणीच्या काट्यावर. फार नाही. गुडघे ऐकू लागले एवढं. मध्ये दोनदा गाडीवर गेलोही; त्या वेळेस गटाला आणि घरी, दोन्हीकडे सांगितलं. मी अजून जाडाच आहे.

पण सांगायचं ते त्या पहिल्या उन्हाळ्यातलं. ती थोडी भरली होती, चेहऱ्यावर पाणी आलं होतं. साताऱ्याच्या बाईंनी लिहिलेली लाडवांची गोष्टही मी तिला सांगितली होती. एक दिवस म्हणाली, “मले त्या साताऱ्याच्या बाईशी बोलायचं हाय. त्यायले सांगा म्हनाव, मी बरी हाय. नाई, तुमी नका सांगू. मीच सांगतो.”

वडशाला दोघं गेलो. भाईनं तिच्यासाठी स्टूल पुसून दिलं. ती पडद्याजवळ वाकून बसली, जणू बाई तिथूनच ऐकत आहेत, आणि मोठ्यानं सांगू लागली. मी टाइप करत गेलो. “लिहा. बाई, मी आता पोटभर जेवून राह्यली. लिहिलं? तुमच्या कामाच्या बाईले एकदा बोलावून आना. ते येईन. लिहिलं?”

“लिहिलं.”

“आता लिहा. यायनं मले उपाशी नाई ठेवलं. मी माह्या मनानं राह्यली होती.”

माझी बोटं थांबली. “हे खरं नाई.”

“तुमी लिहा.”

“सगळ्या गटाले मालूम हाय मी काय केलं ते. मीच सांगितलं.”

“तुमाले जे सांगायचं ते तुमी सांगितलं,” ती म्हणाली. “हे मी सांगून राह्यली. माहं हाय ना हे? मंग माह्या शब्दात लिहा.”

भाई काउंटरवरून आमच्याकडे पाहत होता, मग त्यानं नजर दुसरीकडे फिरवली. मी लिहिलं. एकेक अक्षर हुडकत, तिनं सांगितलं तसंच. तिला वाचता येत नव्हतं ते इंग्रजी अक्षरांतलं मराठी. मी काहीही लिहिलं असतं तरी तिला कळलं नसतं. म्हणून तर ते तसंच लिहावं लागलं.

“वाचून दाखवा,” ती म्हणाली.

मी वाचलं. तिनं मान हलवली.

“पाठवा.”